कामात काय जमतं आणि काय जीव खातं: दहा दिवसांच्या नोंदवहीची पद्धत

वैताग आला की माणूस अख्ख्या नोकरीला नावं ठेवतो. "इथे काही राम नाही," "आपलं हे क्षेत्रच नव्हे." पण नोकरी म्हणजे एक काम नसतं. लेखा विभागातल्या कर्मचाऱ्याच्या एका दिवसात बँकेचा ताळमेळ, थकबाकीदारांना फोन, जीएसटीच्या नोंदी, साहेबांसाठी तक्ता, नव्या मुलाला टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर दाखवणं आणि ऑडिटरच्या शंकांना उत्तरं अशी सहा-सात निरनिराळी कामं असतात. त्यातली दोन हुरूप देतात, तीन बरी जातात, दोन जीव खातात. संध्याकाळी घरी निघताना डोक्यात राहतात ती ही शेवटची दोनच.

ही कामं सुटी करून पाहण्यासाठी दहा कामाचे दिवस, एक वही आणि रोज दहा-बारा मिनिटं पुरतात. नंतरच्या छाननीला एका रविवारचे दोन-तीन तास द्यावे लागतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट वेगळी काढायला हवी. एखादं काम जमणं आणि त्या कामाने हुरूप येणं या दोन निराळ्या बाबी आहेत. मुलाला गणितात चांगले मार्क पडले की त्याला गणित आवडतं असं घरचे ठरवून टाकतात. कार्यालयातही तेच होतं: ज्याला जे जमतं ते त्याच्याकडे जातं, नीट केलं की आणखी येतं, आणि पाच वर्षांनी तो माणूस ज्या कामाने पिळून निघतो त्याच कामाचा तज्ज्ञ म्हणून ओळखला जातो. वैतागाचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. म्हणून वहीत या दोन्हींचे रकाने वेगळे ठेवायचे.

पंधरवडा कोणता निवडायचा

लागोपाठचे दोन साधे आठवडे घ्या. लेखा आणि करविभागातल्यांनी मार्च-एप्रिल टाळावा, आणि महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे जीएसटीच्या दोन विवरणपत्रांच्या मुदती, एका पंधरवड्यात दोन्ही येऊ देऊ नयेत. शिक्षकांनी परीक्षेचे आणि पेपर तपासणीचे दिवस सोडावेत. आयटीतल्यांनी रिलीजचा आठवडा आणि कारखान्यातल्यांनी महिनाअखेरची डिस्पॅचची धावपळ सोडावी. लांब रजेवरून आल्याचा पहिला आठवडाही नको, कारण त्या दिवसांत साचलेल्या ईमेलशिवाय दुसरं काही हातात येत नाही. राजीनामा दिल्यानंतरच्या नोंदी तर अजिबात धरू नयेत. त्या काळात सगळंच हलकं वाटतं.

नोंद कशी करायची

दिवसातून तीनदा लिहा: सकाळच्या चहानंतर, जेवायच्या सुट्टीत आणि निघण्याआधी. प्रत्येक वेळी मागच्या दोन-अडीच तासांतली कामं नोंदवायची. अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत चाललेलं काम म्हणजे एक नोंद. दिवसाला सहा ते आठ होतात, दहा दिवसांत साठ ते ऐंशी.

रात्री घरी बसून दिवसभराचं एकदम लिहू नका. लोकलमध्ये दीड तास उभं राहून आल्यावर सकाळी अकराचं काम कसं गेलं हे आठवत नाही, आणि जे आठवतं त्याला थकव्याचा रंग चढलेला असतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काह्नेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत माणसाला कालचा दिवस छोट्या-छोट्या प्रसंगांत तोडायला लावून प्रत्येक प्रसंगात काय वाटलं ते विचारतात. "एकूण कसं चाललंय?" या प्रश्नाला माणूस आपल्या मताने उत्तर देतो. प्रसंगवार विचारलं की प्रत्यक्ष अनुभव बाहेर येतो. आपण तोच धागा घेतोय, फक्त त्याच दिवशी लिहून.

प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात.

पहिली, वेळ. कुठून कुठपर्यंत.

दुसरी, काम. हे क्रियापदाने लिहा. "मीटिंग" ही नोंद निरुपयोगी आहे, कारण मीटिंगमध्ये माणूस नुसता ऐकत असतो, भांडण मिटवत असतो, आकडे समजावत असतो किंवा दुसऱ्याच्या चुकीचं खापर झेलत असतो. "ईमेल" हीदेखील तशीच. "ग्राहकाच्या तक्रारीचं उत्तर लिहिलं" किंवा "स्टोअर आणि खरेदी विभागाला एका तारखेवर आणलं" असं लिहा.

तिसरी, जमणं. चुकतमाकत झालं किंवा मदत लागली तर ०, ठीक झालं तर १, सहज आणि नीट झालं तर २.

चौथी, हुरूप. काम संपल्यावर दुसरं काम घ्यायची इच्छा किती, यावरून −२ ते +२. करतानाच्या मजेपेक्षा संपल्यानंतरच्या अवस्थेला महत्त्व द्या. चांगलं पण अवघड काम करताना कपाळाला आठ्या असतातच.

नमुना असा दिसेल:

सोमवार, १०.१५ ते ११.१०. तीन पुरवठादारांची खाती त्यांच्या उताऱ्याशी जुळवली. जमणं २, हुरूप +१. फरक कुठे आहे ते सापडलं तेव्हा बरं वाटलं.

१२.०० ते १२.४०. थकबाकीसाठी पाच जणांना फोन केले. जमणं २, हुरूप −२. दोघांनी तारीख दिली, तरी नंतर अर्धा तास काही सुचेना.

३.३० ते ४.३०. नव्या मुलाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना) काढायला शिकवलं. जमणं १, हुरूप +२. दोनदा अडखळलो, पण शेवटचं बिल त्याने एकट्याने काढलं.

यातली मधली नोंद पाहा. वसुलीला हा माणूस चांगला आहे, साहेबही खूश आहेत. पुढच्या महिन्यात त्याच्याकडे पाचाऐवजी दहा फोन येणार हे उघड आहे.

नोंदीच्या शेवटी गरज पडेल तिथे एखादी खूण करा: मध्ये व्यत्यय आला तर "व्य", आदल्या रात्री झोप झाली नसेल तर "झो", कुणी शाबासकी दिली तर "शा", ऐनवेळी अंगावर आलेलं काम असेल तर "घा", विशिष्ट माणसामुळे त्रास झाला तर "मा". छाननीच्या वेळी या खुणाच सगळ्यात जास्त बोलतात.

वही स्वतःची आणि कागदाची असावी. कार्यालयाच्या संगणकावर किंवा सगळ्यांना दिसणाऱ्या फाइलमध्ये लिहिलं की हात आपोआप आवरतो आणि नोंदी गोग्गोड होतात. नोंदी बिघडण्याची आणखी दोन कारणं आहेत. एक म्हणजे किरकोळ कामं गाळणं: व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या "जरा हे पाठवा ना" मागण्या, प्रिंटरची दुरुस्ती, पाहुण्यांची व्यवस्था. ही पाच-पाच मिनिटांची कामं दिवसाला तासभर खातात. त्यांची एकत्र एक नोंद करा. दुसरं म्हणजे हुरूपाला सगळीकडे ० किंवा +१ लिहिणं. तिसऱ्या दिवशीही तेच दिसत असेल तर ०चा वापर बंद करा आणि प्रत्येक वेळी अधिक की उणे ते ठरवा.

रविवारची छाननी

सगळ्या नोंदी वाचून सारख्या क्रियापदांचे गट करा. बहुतेकांचे सात ते दहा गट होतात: शोधून काढणं, जुळवणं, तपासणं, पटवणं, शिकवणं, आखणं, नव्याने उभं करणं, निस्तरणं, पाठपुरावा करणं. ही यादी नमुन्यापुरती. गटांची नावं तुमच्या वहीतूनच यायला हवीत. "लोकांशी संबंधित काम" असला ढोबळ गट करू नका. शिकवणं, पटवणं आणि पैसे मागणं या तिन्हींत माणसं असली तरी ती तीन वेगळी कामं आहेत, आणि एकच माणूस पहिल्यात फुलतो आणि तिसऱ्यात आक्रसतो.

प्रत्येक गटापुढे तीन आकडे लिहा: एकूण तास, जमण्याची सरासरी, हुरूपाची सरासरी. चारपेक्षा कमी नोंदी असलेल्या गटावरून निष्कर्ष काढू नका. मग गट चार ढिगांत टाका.

जमतं आणि हुरूपही येतो: हे तुमचं बळ. याला किती तास मिळतात ते पाहा. आठवड्याच्या पंचेचाळीस तासांत तीन-चार तासच निघाले तर वैतागाचं निम्मं कारण तिथेच मिळालं.

अजून सहज जमत नाही पण हुरूप येतो: इथे शिकायला वाव आहे. वरच्या नमुन्यातलं शिकवणं याच ढिगात पडतं. शिकवणीचा खर्च करायचाच असेल तर या ढिगावर करा.

जमत नाही आणि शीणही येतो: याची लाज बाळगायचं कारण नाही. हे काम टाळता येईल का, साधं करता येईल का, दुसऱ्याशी अदलाबदल होईल का, एवढंच पाहायचं. यात सुधारणा करण्यासाठी वर्षं घालवणारे लोक असतात, कारण वार्षिक मूल्यमापनात नेमकं हेच अधोरेखित झालेलं असतं. ते "बरं नाही"पासून "ठीक"पर्यंत पोचतात, त्यापुढे क्वचितच.

उरतो तो घातक ढीग: जमतं पण शीण येतो. बाहेरून तो दिसत नाही, उलट कौतुकच होतं. नाही म्हणायला कारणही सापडत नाही, कारण काम तर उत्तम होतं. स्त्रियांच्या वहीत या ढिगाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. बैठकीचं इतिवृत्त लिहिणं, निरोप समारंभाची वर्गणी गोळा करणं, केक मागवणं, नव्या मुलीला "सांभाळून घेणं" ही कामं तिथे वारंवार सापडतात. ती त्यांच्या स्वभावामुळे त्यांच्याकडे आलेली नसतात, वाटपामुळे आलेली असतात. त्यावरचा उपाय म्हणजे ही कामं सगळ्यांनी आळीपाळीने करणं. "तुला हे छान जमतं" हे उत्तर पुरेसं धरू नये.

दोष कामाचा की भोवतालचा?

उणे नोंदी मिळाल्या म्हणून ते काम तुमच्यासाठी नाही असं लगेच ठरवू नका. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांना आणि लेखापालांना कामातले चांगले आणि वाईट प्रसंग विचारले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा होता की समाधानाच्या प्रसंगांत मुख्यतः कामगिरी, दखल आणि खुद्द काम यांचा उल्लेख येतो, तर असमाधानाच्या प्रसंगांत कंपनीची धोरणं, वरिष्ठांची देखरेख, पगार, परिस्थिती यांचा. या सिद्धान्तावर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्त आहे: माणूस यशाचं श्रेय स्वतःकडे घेतो आणि अपयशाचं खापर परिस्थितीवर फोडतो. तरीही वही वाचताना हा भेद कामी येतो.

आता खुणा पाहा. एका गटातल्या बहुतेक उणे नोंदींना "व्य" लागला असेल, तर दोष त्या कामाचा नाही, मध्ये वाजणाऱ्या फोनचा आहे. तेच काम दोन दिवस सकाळी साडेनऊ ते साडेदहा फोन बाजूला ठेवून करा आणि नोंद ताडून पाहा. "मा" असेल तर तेच काम दुसऱ्या कुणासोबत केलं तेव्हाचे आकडे शोधा. "झो" असलेल्या नोंदी सरळ वगळा. "शा" असलेली +२ थोडी संशयाने घ्या. शाबासकी नसलेल्या दिवशी त्याच कामाला किती गुण आहेत? ते ० असतील तर हुरूप कामाचा नव्हता, कौतुकाचा होता. कौतुक हवंसं वाटण्यात गैर काही नाही, फक्त ते बळाच्या खात्यात मांडू नये.

एक प्रकार खुणांत सापडत नाही, तो मुद्दाम शोधावा लागतो: जबाबदारी आपली, सही दुसऱ्याची. पाठपुरावा करणाऱ्या जवळजवळ सगळ्यांच्या वहीत तो असतो. काम पुरं करायचा अधिकारच नसेल तर कोणालाही त्याचा शीण येईल. अशा वेळी काम सोडण्याऐवजी अधिकार मागायचा, निदान ठरावीक रकमेपर्यंतचा.

चार-पाच जणांना विचारा

आपलं बळ आपल्याला सहज वाटतं, म्हणून ते बळ आहे हेच कळत नाही. पण "माझे गुण काय आहेत?" असं विचारलं तर आपल्याकडे संकोचाने "तुम्ही फार मनमिळाऊ आहात" एवढंच उत्तर येतं. प्रसंग मागा. मेसेज असा पाठवता येईल:

"मॅडम, मी माझ्या कामाचा थोडा आढावा घेतोय. गेल्या वर्षभरात माझ्यामुळे तुमचं एखादं काम सोपं झालं असेल तर तो एक प्रसंग सांगाल का? आणि कोणतं काम माझ्याकडे देताना तुम्ही जरा थांबता, तेही सांगा. दोन ओळी पुरेत."

एक वरिष्ठ, दोन बरोबरीचे, एक कनिष्ठ आणि शक्य असेल तर दुसऱ्या विभागातली एक व्यक्ती निवडा. घरच्यांना यात घेऊ नका, त्यांना फक्त संध्याकाळचे तुम्ही माहीत असता. दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलेली गोष्ट तुमच्या वहीत नसेल तर ती पुढच्या वेळी मुद्दाम टिपा.

चाचण्यांबद्दल

व्यक्तिमत्त्वाच्या ऑनलाइन चाचण्या करायला हरकत नाही, पण त्या वाचताना १९४९ मधला मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांचा प्रयोग लक्षात ठेवा. त्यांनी वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून चाचणी भरून घेतली आणि प्रत्येकाला "तुझं वर्णन" म्हणून एकच मजकूर दिला, जो बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. विद्यार्थ्यांनी अचूकतेसाठी पाचपैकी सरासरी चारहून अधिक गुण दिले. म्हणून चाचणीचा निकाल वहीशी ताडून पाहा. दोन्हींत तफावत पडली तर वही धरा.

साहेबांशी बोलणं

इथे बरेच जण गाडी रुळावरून उतरवतात. "मला हे काम आवडत नाही" हे वाक्य खरं असलं तरी ऐकणाऱ्याला त्यात फक्त तक्रार ऐकू येते. अदलाबदलीचा प्रस्ताव ठेवा, आणि तो लहान असू द्या: एक काम, आठवड्याला दोन-तीन तास, मुदत एक महिना. वेळ महिन्याचं काम आवरल्यानंतरची निवडा. मूल्यमापनाच्या बैठकीतच हा विषय काढला तर तो पगारवाढीच्या बोलण्यात बुडतो.

"सर, वसुलीचे फोन मी करतोच आहे, पण त्यानंतर ताळमेळाचं काम मागे पडतं. पुरवठादारांची खाती मी पूर्ण सांभाळतो आणि नवीन मुलांना ई-वे बिलाचं शिकवणंही घेतो. त्या बदल्यात छोट्या थकबाकीचे फोन एक महिना दुसऱ्या कुणाकडे द्याल का? मोठी प्रकरणं माझ्याकडेच राहू देत. महिन्याने आकडे दाखवतो."

यात साहेबांना काय मिळतं ते आधी सांगितलंय, अवघड भाग स्वतःकडे ठेवलाय आणि परत फिरायची वाटही आहे. सरकारी कार्यालयात टेबल बदलून मिळणं आपल्या हाती नसतं. तिथे एकाच टेबलावरच्या दोघांनी आपापसांत नस्ती आणि आवक-जावक वाटून घेणं जास्त साधतं, वरिष्ठांना कल्पना देऊन.

अदलाबदल शक्य नसेल तरी आखणी बदलता येते. एमी व्रझेस्नेव्स्की आणि जेन डटन या संशोधकांनी २००१ मध्ये मांडलेल्या "जॉब क्राफ्टिंग" (आपलं काम आपणच थोडं घडवणं) या संकल्पनेत रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचं उदाहरण आहे. काम कागदावर एकच होतं, पण काही जण ते फक्त सफाईपुरतं करत, तर काही जण रुग्णांशी आणि नातेवाइकांशी बोलणं हा त्याचाच भाग मानत आणि दिवस त्याप्रमाणे आखत. मात्र मालकाने या विचाराचा आधार घेऊन कमी पगारात जास्त काम गळ्यात मारणं ही वेगळी गोष्ट झाली, ती ओळखायला शिका.

जे शिणवणारं काम टळणारच नाही त्याला ठरलेली जागा द्या. ते दिवसभर पसरू देऊ नका: फोन एका बैठकीत चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत संपवा, शक्यतो दुपारच्या जेवणाआधी, आणि त्यानंतर लगेच बळाच्या ढिगातलं एखादं छोटं काम ठेवा. वारंवार करायच्या कामाची पायऱ्यांची यादी चिकटवून ठेवली की दर वेळी विचार करायचा शीण वाचतो. शिणवणारं काम दिवसाचं शेवटचं काम म्हणून कधीच ठेवू नका.

साधारण अंदाज असा धरावा: शीण देणारं काम आठवड्याच्या एक तृतीयांशापर्यंत असेल तर आखणीने भागतं. भोवतालचे दोष काढूनही ते निम्म्याच्या वर जात असेल तर दुसरी भूमिका शोधायला लागा. ती शोधताना जाहिरातीतलं पदाचं नाव बाजूला ठेवून मुलाखतीत विचारा, "या पदावरच्या व्यक्तीचा गेला मंगळवार कसा गेला?" उत्तरातली क्रियापदं तुमच्या गटांशी लावून पाहा.

ही वही कधी लिहू नये

सलग काही आठवडे सगळ्याच नोंदी उणे येत असतील, आवडीच्या कामालाही −२ पडत असेल, तर गट करून उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या अवस्थेची, म्हणजे "बर्नआउट"ची, तीन लक्षणं नोंदवली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि कामाची परिणामकारकता घटणं. अशा वेळी आधी विश्रांती आणि डॉक्टरांचा सल्ला. झोप उडाली असेल किंवा घरीही कशातच मन लागत नसेल तर १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर विनाशुल्क बोलता येतं. वही बरं वाटल्यावर काढा.

पुन्हा कधी

व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर यांचा सल्ला असा होता की महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवावं आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून पाहावं. अदलाबदल झाली त्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर तारीख टाकून दोन ओळी लिहा: कोणतं काम गेलं, कोणतं आलं, आणि हुरूपाची सरासरी किती होईल असं वाटतं.

दहा दिवसांची पूर्ण नोंद वर्षातून एकदा पुरते. अपवाद बढतीचा. उत्तम प्रोग्रामर टीम लीड झाला किंवा उत्तम शिक्षिका मुख्याध्यापिका झाल्या की हुद्दा वाढतो, पण दिवसातली क्रियापदं जवळजवळ सगळी बदलतात: लिहिण्याच्या जागी तपासणं येतं, शिकवण्याच्या जागी ऑनलाइन माहिती भरणं. पहिले दोन महिने नवखेपणात जातात, म्हणून तिसऱ्या महिन्यात वही काढा आणि जुने आकडे शेजारी ठेवा. बळाच्या ढिगातले तास निम्म्याने घटले असतील तर त्यातलं निदान एक काम स्वतःकडे ठेवण्याची मागणी त्याच महिन्यात करा, म्हणजे आठवड्याला दोन तास कोड किंवा एका वर्गाची एक तासिका. सहा महिन्यांनी ते काम दुसऱ्याच्या नावावर पक्कं झालेलं असतं.